फुकट सिनेमाच्या साइटवरची फाइल उघडली गेली असेल तर: धोका कुठे असतो आणि आता काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या विंडोज लॅपटॉपवर दोन वर्षं फुकट सिनेमांच्या साइटवरून चित्रपट उतरवले, कधी काही झालं नाही. परवा एका नव्या मराठी चित्रपटाची झिप मिळाली. आतल्या फाइलवर डबल-क्लिक केलं, एक काळी खिडकी क्षणभर चमकून गेली आणि सिनेमा लागलाच नाही. तेव्हापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ अशा सूचना येतात. अँटीव्हायरस मात्र सगळं ठीक सांगतो. त्याच लॅपटॉपवर पत्नीचं नेट बँकिंग चालतं. फॉरमॅट मारावा का, पोलिसांची भानगड होईल का, आणि टीव्हीला लावलेल्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्येही हीच भीती आहे का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून, ज्यावर असलं काही उतरवलेलं नाही, मुख्य ईमेलचा पासवर्ड बदला. लॅपटॉपवर बसून पासवर्ड बदलू नका. आत काही बसलं असेल तर नवा पासवर्डही त्याच्याच हाती जाईल.

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी झाल्या आहेत आणि त्यांची गल्लत होते आहे. कोपऱ्यातल्या सूचना त्रासदायक असल्या तरी बहुतेक वेळा वरवरच्या असतात. कुठल्यातरी पानावर ‘मी रोबोट नाही, अलाउ दाबा’ असं होतं आणि ते दाबलं गेलं. त्यामुळे त्या साइटला क्रोममधून सूचना पाठवायची परवानगी मिळाली. त्या सूचनेत दिसणारे व्हायरस खरे नसतात, ती जाहिरात असते. खरी काळजी त्या काळ्या खिडकीची आहे, आणि तिचा आता आवाजही येत नाही. लोक बरोबर उलटं करतात: सूचना थांबवल्या की सुटलो असं समजतात.

असं का होतं ते कळायला या साइट चालतात कशा ते पाहावं लागेल. साइटवर बहुतेक वेळा सिनेमा ठेवलेलाच नसतो. तिथे फक्त पोस्टर, नाव आणि लिंकांची यादी असते. फाइल असते तिसऱ्याच कुणाच्या फाइल-होस्टवर, आणि लिंक व फाइल यांच्या मध्ये तीन-चार पानं घुसवलेली असतात: ‘१० सेकंद थांबा’, ‘खाली स्क्रोल करा’, ‘लिंक तयार होत आहे’. ही मधली पानं हाच धंदा. लिंक लहान करून देणाऱ्या सेवा दर हजार भेटींमागे पैसे देतात, काही फाइल-होस्ट दर हजार डाउनलोडमागे देतात, आणि उरलेलं जाहिरातींच्या नेटवर्ककडून येतं. मोठी जाहिरात नेटवर्क अशा साइटना दारात उभं करत नाहीत, म्हणून इथे जाहिराती येतात त्या कसलीही तपासणी न करणाऱ्या नेटवर्कमधून. पानावर कुठेही पहिला क्लिक केला की नवी टॅब उघडते, कारण खऱ्या बटणावर एक पारदर्शक थर पसरलेला असतो. पहिला क्लिक त्या थराला जातो, दुसरा बटणाला.

त्या नव्या टॅबमध्ये काय येणार हे साइटच्या मालकालाही ठाऊक नसतं. मध्ये वाहतूक वाटणारी एक यंत्रणा बसलेली असते. ती पाहते की येणारा फोनवर आहे की विंडोजवर, कुठल्या देशातून आला, आज आधी येऊन गेला का. आणि त्याप्रमाणे एकाला रमीची जाहिरात, दुसऱ्याला खोटा प्लेअर, तिसऱ्याला झिप दाखवते. म्हणून ‘माझ्या मित्राने तीच लिंक उघडली, त्याला काही झालं नाही’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. तुमची दोन वर्षंही तशीच गेली.

हे फक्त तर्काने सांगत नाही. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका मोहिमेचा तपशील जाहीर केला. बेकायदा स्ट्रीमिंग साइटवर सिनेमाच्या चौकटीतच जाहिरातींचे कोड बसवले होते. तिथून वापरकर्ता एकामागून एक पानांवरून ढकलला जाऊन शेवटी बहुतेक वेळा गिटहबवर ठेवलेल्या फाइलपर्यंत पोहोचत होता. जगभरात जवळपास १० लाख उपकरणांना त्याची झळ लागली. गिटहब हे प्रोग्रॅमरांचं नेहमीचं, विश्वासाचं ठिकाण, त्यामुळे ब्राउझरला संशय आला नाही.

साइटचा पत्ता सारखा का बदलतो, तेही याच ओघात. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये असा आदेश दिला की एखादी साइट बंद केल्यावर तिची नव्या नावाची प्रतिकृती उभी राहिली, तर दर वेळी नवा दावा न लावता तीही त्याच आदेशात घेता येईल. त्यामुळे साइटवाले नाव तेच ठेवून पत्त्याचं शेपूट (डॉट कॉमसारखं) बदलतात आणि नवा पत्ता टेलिग्रामवर कळवतात. या पळापळीत भलतेच लोक तेच नाव आणि तीच रंगसंगती घेऊन आपली साइट उभी करतात. ‘ओरिजिनल साइट कुठली’ असं विचारणाऱ्यांना म्हणूनच उत्तर देता येत नाही. शोधात वर येणाऱ्या पाचही साइट नकली असू शकतात, आणि त्यातल्या एखादीकडे सिनेमा एकही नसून फक्त झिप असू शकते.

आता तुमच्या झिपकडे येऊ. असल्या झिपमध्ये काय असतं ते जवळून पाहा. आत एक फाइल, नाव चित्रपटाचं, पुढे १०८०पी आणि डॉट एमकेव्ही, चिन्ह व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचा नारिंगी शंकू. सगळं ओळखीचं. पण चिन्हाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण असतो, आणि साइझच्या रकान्यात २ केबी. तो बाण म्हणजे ही फाइल नसून शॉर्टकट आहे. विंडोज शॉर्टकटचं शेपूट, डॉट एलएनके, कधीच दाखवत नाही. ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू केलं तरी नाही. राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या तर टार्गेटच्या चौकटीत सिनेमाच्या जागी पॉवरशेल किंवा एमएसएचटीए (विंडोजमध्येच असलेली, आज्ञा चालवणारी साधनं) असा शब्द आणि त्यामागे लांबलचक अगम्य मजकूर दिसतो. कधी तो मजकूर ढीगभर मोकळ्या जागा टाकून उजवीकडे दूर ढकललेला असतो, म्हणजे चौकट पहिल्या नजरेला रिकामी वाटावी. डबल-क्लिक केलं की पॉवरशेल क्षणभर उघडतो. तुमची काळी खिडकी बहुधा तीच. ऑगस्ट २०२४ मध्ये मँडियंट या सायबर सुरक्षा कंपनीने अगदी हाच प्रकार नोंदवला: पायरेटेड सिनेमाच्या नावाची झिप, आत शॉर्टकट, आणि पुढचा कोड डिस्कवर न उतरता थेट मेमरीत चालणारा. त्यातून लुमासारखे माहितीचोर येत होते.

‘अँटीव्हायरस स्वच्छ म्हणतो’ याचं उत्तर इथेच आहे. माहितीचोर प्रोग्रॅमला तुमच्या लॅपटॉपवर मुक्काम करायची गरज नसते. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील, डेस्कटॉपवरच्या फाइली आणि कुकीज गोळा करतो, बाहेर पाठवतो आणि बऱ्याचदा स्वतःला पुसून टाकतो. हे काम काही मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी स्कॅन केलं तर सापडायला उरतंच काय? यातल्या कुकीज सर्वांत घातक. तुम्ही एकदा लॉगिन केलं की साइट ब्राउझरला एक खूण देते, हातावर मारलेल्या प्रवेशाच्या शिक्क्यासारखी; पुढे तो शिक्का दाखवला की आत. शिक्का चोरीला गेला की चोराला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, जुने शिक्के रद्द करावे लागतात. हा धंदा किती मोठा आहे याचा अंदाज: मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये लुमावर कारवाई केली तेव्हा, त्याआधीच्या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांवर तो सापडला होता.

तुमच्या बाबतीत तो आलाच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. शॉर्टकटमागचा सर्व्हर तोवर बंद झालेला असू शकतो, किंवा डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसने मधेच अडवलेलं असू शकतं. विंडोज सिक्युरिटी उघडून ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ पाहा; त्या दिवशीच्या वेळेला काही ‘ब्लॉक्ड’ दिसलं तर आशा आहे. पण खिडकी चमकली आणि तिथे काहीच नोंद नाही, तर पासवर्ड चोरीला गेले असंच मी धरून चालतो. चुकून जास्त काळजी घेतली तर दोन तास जातात. कमी घेतली तर खातं जातं.

क्रम असा ठेवा. ईमेलचा पासवर्ड बदलून झाला असेल तर त्याच फोनवरून गूगल खात्यात ‘युअर डिव्हायसेस’ मध्ये जा आणि लॅपटॉपसह अनोळखी सगळी उपकरणं साइन आउट करा. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर पाहा. चोर अनेकदा बँकेचे मेल परस्पर डिलीट करणारा फिल्टर लावून ठेवतो, म्हणजे तुम्हाला इशारा मिळतच नाही. रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे ना, तेही बघा. त्यानंतर नेट बँकिंगचा लॉगिन पासवर्ड आणि व्यवहाराचा पासवर्ड दोन्ही बदला. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हायसेसमधून लॅपटॉप काढा, आणि मग इन्स्टाग्राम, फेसबुक, शॉपिंग. इथे एक गोष्ट हमखास सुटते: लॅपटॉपच्या क्रोममध्ये गूगल खातं सिंक असेल तर तुम्ही फोनवर साठवलेले पासवर्डही त्याच तिजोरीत असतात. म्हणजे ज्या साइटवर लॅपटॉपवरून कधी गेलाच नाहीत, तिचाही पासवर्ड गेला असं धरा. पत्नीचं वेगळं प्रोफाइल त्याच विंडोज लॉगिनखाली असेल तर तेही त्यात आलं. यूपीआय मात्र फोनच्या सिमला बांधलेलं असतं. लॅपटॉपवरच्या चोरीने ते थेट उघडत नाही, त्यामुळे ते शेवटी घेतलं तरी चालेल.

हे सगळं झाल्यावर लॅपटॉपला हात लावा. फॉरमॅट मारावा का, तर तुमच्या वर्णनावरून हो. फॉरमॅटने चोरीला गेलेले पासवर्ड परत येत नाहीत, म्हणूनच ते काम आधी. पण त्या खिडकीने मागे आणखी काही बसवलं असेल तर खात्रीने घालवायचा तोच मार्ग. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या ड्राइव्हवर काढा; झिप, ईएक्सई, आयएसओ आणि डाउनलोड्सचा आख्खा फोल्डर सोबत नेऊ नका. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा आणि त्यावरून विंडोज नव्याने टाका, जुनी पार्टिशन पुसून. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असेल तर की पुन्हा लागत नाही. क्रॅक करून विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणाऱ्या दुकानात मात्र लॅपटॉप नेऊ नका. एका दारातून काढलेलं दुसऱ्या दारातून आत येईल.

आज फॉरमॅट शक्यच नसेल तर तात्पुरतं एवढं करा. विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समधून ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि साधारण १५ मिनिटं लागतात. मग त्याच ठिकाणी ‘एक्सक्लूजन्स’ची यादी उघडा. ही यादी कोरी असायला हवी. तुम्ही न टाकलेला एखादा फोल्डर, विशेषतः सी ड्राइव्ह पूर्ण, तिथे असेल तर कुणीतरी डिफेंडरला ‘इकडे बघू नको’ असं सांगून ठेवलं आहे. मग फॉरमॅटला पर्याय नाही. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर बॉट, म्हणजे परक्याच्या हुकमावर चालणारे छुपे प्रोग्रॅम, काढणारी साधनं फुकट मिळतात, ती दुसरं मत म्हणून चालवायला हरकत नाही.

कोपऱ्यातल्या सूचना घालवणं सोपं आहे: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. ‘अलाउड’ खाली जी ओळखीची नाहीत ती सगळी नावं काढा. एक्स्टेन्शन्सची यादीही त्याच वेळी चाळा.

पुढे ओळखता यावं म्हणून आणखी काही प्रकार सांगतो. आकार हा सर्वांत सोपा पुरावा: दोन तासांचा १०८०पी चित्रपट कितीही दाबला तरी साधारण १ ते ३ जीबी होतो. ४ एमबीची फाइल सिनेमा असू शकत नाही. पण उलटही खरं नाही. फाइल मुद्दाम शून्यं भरून ७००-८०० एमबीची फुगवतात, कारण कित्येक स्कॅनर मोठी फाइल तपासत नाहीत. फाइल चढवून अनेक अँटीव्हायरसकडून तपासून घ्यायच्या व्हायरसटोटल या साइटची मर्यादाही ६५० एमबी आहे. झिपला पासवर्ड असेल आणि तो शेजारीच लिहिलेला असेल, तर पासवर्ड तुमच्यासाठी नाही, स्कॅनरला आत बघता येऊ नये म्हणून आहे. ‘कोडेक टाका’, ‘प्लेअर अपडेट करा’ हे कधीही खरं नसतं; व्हीएलसीला बाहेरून काही लागत नाही. आणि एखादं पान माणूस असल्याची खात्री म्हणून ‘विंडोज की आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर’ असं सांगत असेल तर टॅब बंद करा. त्या पानाने क्लिपबोर्डवर आधीच एक आज्ञा ठेवलेली असते आणि ती तुमच्याच बोटांनी चालवून घेतली जाते. शॉर्टकटच्या सापळ्याइतकंच हे गंभीर आहे, आणि इथे ब्राउझर मधे पडू शकत नाही.

फोनवर प्रकार वेगळा. तिथे झिपच्या जागी एपीके (अ‍ॅप बसवायची फाइल) असतं: ‘आमचं अ‍ॅप घ्या, जाहिरातींशिवाय बघा’. ते टाकताना ‘अननोन अ‍ॅप्स’ची परवानगी द्यावी लागते, आणि नंतर अ‍ॅप अ‍ॅक्सेसिबिलिटी किंवा एसएमएस वाचायची परवानगी मागतं. सिनेमा दाखवायला या दोन्हींची गरज शून्य. अ‍ॅक्सेसिबिलिटी दिली की ते अ‍ॅप स्क्रीन वाचतं, तुमच्या वतीने बटणं दाबतं. एसएमएस दिलं की ओटीपी गेला. टेलिग्रामवर फाइल घेतो म्हणून सुरक्षित, असंही नाही. जुलै २०२४ मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने उघड केलं की अँड्रॉइडवरच्या टेलिग्राममध्ये एपीके चक्क व्हिडिओसारखं दिसेल असं पाठवता येत होतं, १०.१४.५ या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. असं अ‍ॅप पडलं असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, सेफ मोडमध्ये सुरू करा, अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनमधून त्याची परवानगी काढा, मगच ते अनइन्स्टॉल होतं. चिन्ह दिसत नसेल तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅपच्या पूर्ण यादीत शोधा. शेवटी एअरप्लेन मोड काढून *#२१# डायल करून कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना हे बघा. वळवले असतील तर ##००२# ने रद्द होतात.

कायद्याबद्दल मी वकील नाही, पण भीती नेमकी कशाची धरावी एवढं सांगता येईल. २०१६ मध्ये बंद केलेल्या साइटवर ‘पाहणं हाही गुन्हा’ अशा अर्थाचा इशारा दिसत असे. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्पष्ट केलं की गुन्हा नुसतं पाहण्यात नाही. परवानगीशिवाय वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणं यात आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने थिएटरात चित्रीकरण करणाऱ्यांसाठी दंड ३ लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत नेला. तुम्ही टॉरेंट (एकमेकांच्या संगणकांतून तुकड्यांनी फाइल घेणं) वापरत असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या: टॉरेंट उतरवताना त्याच वेळी तुमच्याकडून इतरांना तुकडे पाठवले जातात. म्हणजे तुम्ही वितरकही झालात, आणि तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमचा क्रमांक) त्या झुंडीतल्या प्रत्येकाला दिसतो. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मुलांना घरून सांगा, तिथे वकिलांच्या फर्म याच पत्त्यावरून शेकडो युरोंची मागणी करणारी पत्रं पाठवतात. हा पत्ता लपवणारं फुकट व्हीपीएन हा यावरचा उपाय नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकेने उद्ध्वस्त केलेलं ९११ एस५ हे जाळं फुकट व्हीपीएनमधूनच पसरलं होतं. त्यात लोकांच्या घरचे आयपी पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात.

खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र सिनेमा बेकायदा होता या संकोचाने गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा, बँकेला कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. पैसा पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येतो तो पहिल्या काही तासांतच. लॅपटॉप पुसण्याआधी झिपचं नाव, तारीख-वेळ आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट फोनने काढून ठेवा.

राहिला टीव्हीचा बॉक्स. ‘सगळे चॅनल, सगळे सिनेमे फुकट’ म्हणून विकले जाणारे अनामिक बॉक्स बऱ्याचदा गूगलच्या प्रमाणपत्राशिवाय, उघड्या अँड्रॉइडवर चालतात. त्यातले काही कारखान्यातूनच किंवा पहिल्या अ‍ॅपबरोबर संसर्ग घेऊन येतात. जून २०२५ मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या अशाच जाळ्याबद्दल इशारा दिला आणि जुलैत गूगलने दावा लावताना संसर्ग झालेली उपकरणं १ कोटीहून जास्त असल्याचं म्हटलं. असा बॉक्स तुमच्या घरच्या इंटरनेटवरून परक्यांची वाहतूक नेतो, आणि उद्या चौकशी आली तर पत्ता तुमच्या घराचा निघतो. बॉक्सवर प्ले स्टोअर उघडून सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ बघा. ‘प्ले प्रोटेक्ट सर्टिफाइड’ लिहिलेलं नसेल, किंवा अ‍ॅप टाकण्यासाठी प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगितलं गेलं असेल, तर तो बॉक्स वायफायवरून काढा आणि राउटरचा पासवर्ड बदला. फॅक्टरी रीसेटवर अवलंबून राहू नका, कारण संसर्ग मूळ सिस्टिममध्येच असेल तर रीसेट तोच पुन्हा बसवतो. घरच्यांना जुने कार्यक्रम आणि चित्रपट हवे असतील तर प्रसार भारतीचं वेव्हज हे अ‍ॅप, जे नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, फोनवर टाकून बघा. टीव्हीवरच हवं असेल तर आधी प्रमाणित बॉक्स घ्या आणि मग त्याच्या प्ले स्टोअरमधूनच अ‍ॅप शोधा.